चावी कोणी दिली? कर्मचाऱ्यांच्या ड्रायव्हिंग रेकॉर्डची तपासणी : एका कारखान्यातलं प्रकरण

ग्राहक कंपनीच्या ऑडिटची प्रश्नावली जाडजूड असते. तिच्यात मागच्या पानांवर कुठेतरी एक प्रश्न होता : कंपनीच्या कामासाठी वाहन चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड तुम्ही तपासता का? आम्ही सलग दोन वर्षं ‘होय’ लिहिलं. पुरावा म्हणून एक निळी बॉक्स फाइल दाखवली. तिच्यात सहा चालकांच्या लायसनच्या झेरॉक्स होत्या. दोन तर इतक्या काळ्या आल्या होत्या की फोटोतला माणूस त्याच्या आईलाही ओळखता आला नसता. ऑडिटर फाइल उघडायचा, पानं मोजायचा, बरोबरची खूण करायचा आणि आम्ही सगळे जेवायला जायचो.

मी चाकण एमआयडीसीतल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सेफ्टी बघतो. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. साडेतीनशे माणसं, तीन पाळ्या. स्वतःच्या गाड्या म्हणजे तीन पिकअप, एक सहाचाकी टेम्पो आणि दोन मोटारी. कामगारांना ने-आण करणाऱ्या बस ठेकेदाराच्या. प्रेसवर कोणाचं बोट चेमटलं तर आमच्याकडे चौकशी समिती बसते. पण गेटच्या बाहेर गेलेली गाडी परत येईपर्यंत कोणाच्याच खात्यात नसायची. डिस्पॅचवाले म्हणायचे गाडी अ‍ॅडमिनची, अ‍ॅडमिनवाले म्हणायचे माल डिस्पॅचचा.

जानेवारीतल्या एका रात्री हे सगळं अंगाशी आलं.

रांजणगावच्या ग्राहकाकडे माल संपत आला होता. रात्री एकच्या सुमारास फोन आला : बारा पेट्या पहाटेच्या आत पोचल्या नाहीत तर लाइन थांबेल. लाइन, म्हणजे त्यांचं उत्पादन, थांबलं की मिनिटाच्या हिशेबाने डेबिट नोट, म्हणजे भरपाईची वसुली, येते, त्यामुळे ‘लाइन थांबेल’ हे दोन शब्द ऐकले की आमच्याकडे माणसांची डोकी आधी थांबतात. पिकअपचे सगळे चालक दिवसभर गाडी चालवून घरी गेले होते. पाळीच्या सुपरवायझरने स्टोअरमधल्या एका मुलाला विचारलं, “तुला चालवता येते ना रे?”

“येते की. गावाकडं चुलत्याची चालवतो.”

गेटवरच्या खोलीत भिंतीला चार खिळे ठोकलेले होते आणि त्यांना गाड्यांच्या चाव्या टांगलेल्या असायच्या. गार्डने एक चावी काढून दिली. रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली. चालक कोण, यासाठी रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता.

चाकण-शिक्रापूर रस्त्यावर बहुळच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर चालला होता. मागे दोन ट्रॉल्या, दोन्हींच्या बाहेर आलेलं वाढं, आणि मागच्या बाजूला ना दिवा ना रिफ्लेक्टर. हंगामात या भागात रात्री गाडी चालवणाऱ्याला हे दृश्य पाठ असतं. तो समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याच्या उजेडात ट्रॉलीची कड शोधत जातो. या मुलाला ती फार उशिरा दिसली. पिकअपची उजवी बाजू ट्रॉलीखाली गेली. ट्रॅक्टरवाल्यानेच १०८ला फोन केला. पोराच्या मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा त्याने पहिलं लायसन मागितलं. मुलाकडे लायसन होतं, वैध होतं, पण ते गिअरच्या दुचाकीचं. चारचाकीचं नव्हतंच. गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच संपला. पैसे गेले ते गेले, पण मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५ मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचलं. लायसन नसलेल्या माणसाला गाडी चालवू देऊ नये, ही जबाबदारी मालकावर आहेच, शिवाय गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही आहे. शिक्षा कलम १८० मध्ये : तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नजर मालकावरून सरकत सुपरवायझरपर्यंत आणि त्या बिचाऱ्या गार्डपर्यंत येते. मी कलम वाचून दाखवलं तेव्हा गार्ड म्हणाला, “साहेब, आम्हाला चावी द्यायला सांगितलंय. कोणाला नाही द्यायची ते कोणी सांगितलंच नाही.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गाडी चालवतं कोण?

वरून हुकूम आला : सगळ्या चालकांचं रेकॉर्ड आठवड्यात काढा. एचआरने सहा नावं दिली. बॉक्स फाइलमधली तीच सहा. पण ज्याच्यामुळे हे सुरू झालं तो स्टोअरचा मुलगा त्या सहांत नव्हता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

यादी शेवटी अकाउंट्समधून निघाली. पेट्रोलची व्हाउचरं काढली. भोसरीच्या व्हेंडरकडे स्वतःच्या मोटरसायकलवर जाणारे क्वालिटीचे इंजिनिअर, सेल्सची पोरं, मेंटेनन्सचा एक जण जो बेअरिंग आणायला कंपनीची मोटार घेऊन जायचा, आणि बँकेत जाणारा खुद्द अकाउंट्सचा क्लार्क. एकूण एकेचाळीस माणसं. ज्यांच्या पगारपत्रकावर ‘ड्रायव्हर’ लिहिलंय त्यांच्यापेक्षा न लिहिलेले जवळपास सहापट. असं काम कोणी हाती घेणार असेल तर माझा सल्ला एवढाच : पदनामांची यादी बाजूला ठेवा आणि पेट्रोलची बिलं घेऊन बसा.

प्रत्येकाकडून लेखी संमती घेतली, लायसन नंबर आणि जन्मतारीख घेतली आणि परिवहनच्या सारथी पोर्टलवर एकेक तपासलं. तिथे काय दिसतं हे आधी समजून घेतलं पाहिजे. लायसन चालू आहे की नाही, कोणत्या वर्गाच्या वाहनांसाठी आहे, आणि नॉन-ट्रान्सपोर्ट (खासगी वाहनं) व ट्रान्सपोर्ट (धंद्याची माल-प्रवासी वाहनं) अशा दोन वेगळ्या मुदती. माणसाने किती अपघात केले, किती वेळा सिग्नल तोडला, यातलं तिथे काही नसतं. ब्रिटनमध्ये कर्मचारी सरकारी संकेतस्थळावरून एकवीस दिवस चालणारा एक कोड काढून मालकाला देतो आणि मालकाला त्याचे दंडाचे पॉइंट दिसतात. आमच्या ग्राहकाची प्रश्नावली अशाच एखाद्या देशातल्या माणसाने लिहिलेली असणार. तो ज्याला ‘रेकॉर्ड’ म्हणतो तसा एकत्र कागद आपल्याकडे मालकाला मिळतच नाही.

तरी जे मिळालं तेही पुरेसं होतं. एकेचाळीसपैकी पाच जणांच्या लायसनमध्ये काही ना काही खोट निघाली. एका इंजिनिअरकडे दोन लायसनं होती, एक गावचं आणि एक कॉलेजच्या शहरातलं. कलम ६ नुसार हे चालत नाही हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोघांची मुदत संपलेली, एकाकडे नुसतं शिकाऊ लायसन. पण पाचवं नाव वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. ते मामांचं होतं.

मामा म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने चालक. वय सत्तावन्न. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. नवीन चालकाला शिकवायला आम्ही मामांबरोबर पाठवायचो. त्यांची नॉन-ट्रान्सपोर्टची मुदत चालू होती, ट्रान्सपोर्टची चार महिन्यांपूर्वी संपली होती. फाइलमधली झेरॉक्स कधी काढली तेवढंही कोणी लिहिलेलं नव्हतं.

इथे कायद्याचा एक बारकावा आहे. एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन लायसनवर वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला कायम केलं. म्हणजे पिकअपवर मामा नियमात बसत होते. पण आठवड्यातून दोनदा ते सहाचाकी टेम्पो घेऊन जायचे, आणि तो या मर्यादेच्या बराच वर. शंभर टक्के विश्वासाचा माणूस टेम्पोवर चार महिने बिनलायसनचा होता आणि आम्ही त्याच्या हाताखाली पोरं शिकायला पाठवत होतो.

मी मामांना केबिनमध्ये न बोलावता कँटीनच्या मागे चहाला नेलं. त्यांनी बराच वेळ कपाकडे बघितलं. मग म्हणाले, “नूतनीकरणाला डॉक्टरचा फॉर्म लागतो ना साहेब. रात्री समोरचा लाइट डोळ्यात फुटतो माझ्या. डॉक्टरनं लिहिलं असतं तर?” ट्रान्सपोर्ट लायसनच्या नूतनीकरणाला फॉर्म १-अ, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. डोळे न तपासता तो फॉर्म भरून मिळू शकतो का, हे कोणत्याही आरटीओबाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारावं. मामांनी तो रस्ता धरला नाही, पण नूतनीकरणही केलं नाही, आणि गाडीही सोडली नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, लायसन झालं, आता ते फक्त दिवसा चालवतात. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. पोटावर पाय येईल अशी भीती असलेल्या माणसाला आम्ही बावीस वर्षांत एकदाही डोळ्यांबद्दल विचारलेलं नव्हतं.

माझी चूक

लायसनचं काम संपल्यावर मी ई-चलनांकडे वळलो, आणि इथे मी स्वतः घसरलो.

चलनं गाडीच्या नंबरावर निघतात. दोन नंबरच्या पिकअपवर चौदा महिन्यांत अकरा चलनं होती. आठ वेगमर्यादेची, दोन सीटबेल्टची, एक चुकीच्या पार्किंगचं. ती गाडी ज्याच्याकडे ‘असायची’ तो चालक बीड जिल्ह्यातला, तिशीतला, जरा तोंडाळ. मला वाटलं, सापडला. त्याला गाडीवरून काढून लोडिंगला लावला, आणि शहाणपणाची कमाल म्हणजे ‘वाहन चालवण्यास तूर्त मनाई’ या शीर्षकाखाली त्याचं नाव कँटीनच्या फळ्यावर लावलं.

तिसऱ्या दिवशी तो मोबाइल घेऊन आला. स्क्रीनवर लग्नपत्रिका होती, त्याच्या बहिणीची, गेवराईची. “ही तारीख बघा साहेब. आणि तुमचं हे चलन बघा. चलन गाडीवर फाटतं. गाडी काय मी एकटा चालवतो का?”

तारीख एकच होती.

मग त्याचं म्हणणं तपासायला बसलो. गेटच्या रजिस्टरमध्ये चालकाचं नाव नाही, हे वर आलंच आहे. वाट सुचवली डिस्पॅचच्या क्लार्कने. प्रत्येक खेपेच्या डिलिव्हरी चलनावर माल ताब्यात घेताना चालकाची सही असते. मग टेबलावर डाव्या हाताला डिलिव्हरी चलनं आणि उजव्या हाताला पोलिसांची चलनं अशी दोन दिवस जुळवत बसलो. अकरापैकी सात जुळली, चारचा थांग लागला नाही. जुळलेल्या सातांपैकी चार त्याची, तीन इतरांची. त्या तिनांतल्या एकावर पाळीच्या सुपरवायझरची सही होती. त्याच सुपरवायझरची, ज्याने स्टोअरच्या मुलाला चावी द्यायला लावली होती.

फळ्यावरचा कागद काढला. त्याची माफी मागितली, पण केबिनमध्ये, दार लावून. नाव सगळ्यांसमोर लावलं होतं, माफीही तिथेच मागायला हवी होती. तो अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र त्या सात चलनांच्या वेळा बघताना दिसली. सातांतली पाच वेगमर्यादेची होती आणि ती सगळी सकाळी सात ते साडेनऊमधली, पुणे-नाशिक महामार्गावरची. नाशिकच्या ग्राहकाकडे माल उतरवायची वेळ साडेनऊ. चुकली तर गाडी दुपारपर्यंत बाहेर उभी. चाकणहून नाशिक सुमारे १८० किलोमीटर. आमची गाडी गेटमधून सुटायची पावणेसातला. उरले पावणेतीन तास. टोल, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, सिन्नरची गर्दी धरून ताशी सरासरी पासष्ट हवी. भरलेल्या पिकअपला ही सरासरी ठेवायची तर मोकळ्या रस्त्यावर किती वेगाने पळावं लागेल, हा गुणाकार-भागाकार कोणी कधी केलाच नव्हता. केला होता तो फक्त चालकांनी, पायाने.

आणि पावणेसात का? कारण तपासणीच्या अहवालावर शिक्का मारणारा निरीक्षक साडेसहाला यायचा. माल रात्री अकरापासून पेट्यांत भरून तयार असायचा. एका शिक्क्यासाठी गाडी थांबायची आणि तो वेळ रस्त्यावर भरून काढला जायचा. तिसऱ्या पाळीतल्या निरीक्षकाला शिक्क्याचा अधिकार दिला. गाडी आता सव्वापाचला सुटते, चालक नारायणगावला चहा पितो. यासाठी खर्च काही आला नाही, क्वालिटीच्या प्रमुखाचा आठ दिवस रुसवा तेवढा सोसावा लागला.

मग आता काय करतो

चाव्यांचे खिळे उपटले. कुलपाची पेटी लावली, पेटीवर आतून यादी : कोणाला कोणती गाडी. यादीत नाव नाही तर चावी नाही, मग फोन कोणाचाही येवो. रजिस्टरमध्ये चालकाचं नाव आणि सही. चलन आलं की दोन दिवसांत ते माणसाशी जुळवायचं आणि त्याच्यासमोर ठेवून विचारायचं, आधी ऐकायचं. लायसन दर सहा महिन्यांनी पोर्टलवर. झेरॉक्सची फाइल रद्दीत गेली.

एचआरचा आग्रह होता की तीन चलनं झाली की सरळ काढून टाकावं. मी विरोध केला आणि तो अजूनही आहे. पार्किंगचं चलन आणि गाडी चालवताना मोबाइलवर बोलण्याचं चलन एका तराजूत घालणाऱ्या नियमाला नियम म्हणू नये. शिवाय नोकरी जाणार म्हटलं की माणूस लपवतो, मामांनी लपवलं तसं. कोणाचं रेकॉर्ड कोणी बघायचं हेही ठरवलं : मी आणि अ‍ॅडमिनचे प्रमुख, बस. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. पण फळ्यावरचा तो कागद आठवला की मला त्यासाठी कायद्याची गरज लागत नाही.

न्यायालयांचा कल बघितला तर मालकाकडून फार अपेक्षा नाही. चालकाचं लायसन बघितलं, गाडी चालवता येते याची खात्री केली, तर आरटीओत जाऊन ते खरं की खोटं हे शोधणं मालकाचं काम नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या वादांत एकाहून जास्त वेळा म्हटलंय. आमच्या वकिलांनी हे मला दोनदा ऐकवलं. बरोबर आहे. पण तो नुकसानभरपाई कोणी भरायची याचा निकाल आहे. ट्रॉलीची कड दिसेल का, याचा नाही.

आणि शाबूत लायसनलाही मर्यादा आहेच. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसने रस्त्यावरची माणसं आणि गाड्या चिरडल्या. तपासात पुढे आलं ते असं की चालक काही दिवसांपूर्वीच रुजू झालेला, आणि अशा मोठ्या ऑटोमॅटिक बसचा सराव त्याला फारसा मिळालेला नव्हता. त्या आठवड्यात आम्हीही एका इलेक्ट्रिक पिकअपची मागणी नोंदवली होती. क्लच नाही, गिअर नाही, पाय ठेवला की पळते. ती आली तेव्हा प्रत्येक चालकाला आधी रिकाम्या यार्डात, मग भरलेल्या पेट्यांसह, मग मामांशेजारी बसवून बाहेर, असं तीन दिवस फिरवलं. पोर्टलवर याचा रकाना नाही, म्हणून आमच्या वहीत आहे.

यंदाच्या ऑडिटला त्या प्रश्नापुढे मी ‘अंशतः’ लिहिलं. कारण चार चलनांचा थांग नाही, आणि ठेकेदाराच्या बसचं काम अर्धवट आहे. ऑडिटरने त्यावर त्रुटी नोंदवली. दोन वर्षं काळ्या झेरॉक्सवर मिळालेली खूण खऱ्या उत्तरावर गेली.

ठेकेदाराचं काम खरोखरच अर्धवट आहे. तो चालकांची यादी देतो, यादीतल्यांची लायसनं आम्ही तपासतो, आणि पहाटे बसवर तिसराच माणूस असतो : “तो सुट्टीवर गेला, मला पाठवलंय.” गेल्या सोमवारी गार्डने पहिल्यांदा अशी बस गेटवर अडवली. प्रवासी आत आलेच होते, उतरून चालत गेले. पण परत न्यायची रात्रपाळी तशीच उभी राहिली. चालकाचं लायसन पोर्टलवर टाकलं तर ते व्यवस्थित होतं, बसचा वर्ग, मुदत, सगळं. तरी दुसरी बस येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. रात्रभर जागलेली चाळीस-पंचेचाळीस माणसं गेटवर उभी राहून गार्डला शिव्या घालत होती. त्या चाळीस मिनिटांचे पैसे कोणाच्या बिलातून कापायचे, यावर ठेकेदाराशी पत्रव्यवहार चालू आहे.